माणसे तीच, आकडे वेगळे: जनगणनेत सामाजिक ओळख कशी मोजली जाते

गोव्यात २००१ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची लोकसंख्या अवघी ५६६ भरली होती. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, ती १ लाख ४९ हजार २७५ झाली, म्हणजे राज्याच्या एकूण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडी अधिक. या दहा वर्षांत दीड लाख आदिवासी बाहेरून येऊन गोव्यात स्थायिक झाले नव्हते. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत आणि गोव्यातली कितीतरी शेती त्यांच्याच कष्टावर उभी आहे. बदल झाला तो एका कायदेशीर यादीत. २००३ च्या सुरुवातीला या तीन समाजांची नावे गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत घातली गेली आणि पुढच्या जनगणनेत त्यांची नोंद त्या रकान्यात झाली.

महाराष्ट्रातही असे घडले आहे, आणि इथली गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७.१ टक्के होते. १९९१ साली ते ११.१ टक्के झाले. याचे मूळ १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसात आहे. त्या दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत जेमतेम काही हजार असलेले बौद्ध १९६१ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख झाले. परंतु राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता आणि १९५६ मध्ये तो फक्त शिखांना लागू करण्यात आला होता. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे सांगणारा माणूस त्यामुळे अनुसूचित जातींच्या गणतीतून आपोआप बाहेर पडत असे. राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या तरी जनगणना चालते ती केंद्राच्या आदेशाप्रमाणे. धर्म खरा सांगावा तर अनुसूचित जातीची नोंद जाते आणि ती नोंद राखावी तर धर्म वेगळा सांगावा लागतो, अशी ही कोंडी सुमारे साडेतीन दशके टिकली. १९९० मध्ये आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आणि वर्षभरातच झालेल्या जनगणनेत टक्केवारी एकदम वर गेली.

तिसरे उदाहरण अनुसूचित जमातींचे. १९७१ मध्ये महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे २९.५ लाख होती. १९८१ मध्ये ती ५७.७ लाख झाली. दहा वर्षांत कोणताही समाज जननदराच्या जोरावर दुप्पट होत नाही. १९७६ पर्यंत अनेक जमातींना हा दर्जा ठरावीक जिल्ह्यांत आणि तालुक्यांतच मिळत असे. त्या वर्षीच्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले. त्यामुळे पूर्वी सीमेपलीकडे राहत असल्यामुळे वगळले गेलेले खरेखुरे आदिवासी यादीत आले, हे न्याय्यच झाले. मात्र त्याच वेळी जमातीच्या नावाशी साधर्म्य असलेले नाव सांगणारे समाजही त्या गणतीत आले आणि हलबा-कोष्टी किंवा कोळी समाजांतील विविध गट यांच्याबद्दलचे वाद पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत चालले.

ही तिन्ही उदाहरणे आरंभीच मांडली, कारण जातनिहाय जनगणनेची चर्चा बहुधा ‘खरा आकडा एकदाचा बाहेर येऊ द्या’ या अपेक्षेने होते. आकडा बाहेर यायलाच हवा, असे माझेही ठाम मत आहे. पण तो आकडा जमिनीत पुरलेल्या हंड्यासारखा तयार नसतो. कोणता प्रश्न विचारला, कोणी उत्तर दिले, कोणत्या यादीशी ते ताडून पाहिले आणि उत्तरांची नंतर कशी जुळवाजुळव केली, यांतून तो घडतो. हे टप्पे ठाऊक नसतील तर हाती आलेल्या टक्केवारीचा अर्थ लावता येत नाही.

दारातला प्रश्न

घराला खोल्या किती, नळ आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे प्रगणक डोळ्यांनी पडताळू शकतो. वयासाठी जन्मदाखला असतो. सामाजिक ओळखीचे तसे नाही. जात, जमात, मातृभाषा किंवा वंश यांबाबत माणूस सांगेल तेच उत्तर. ते सांगताना तो स्वतःला काय मानतो, समोर कोण विचारत आहे आणि या नोंदीचा पुढे काय उपयोग होणार असे त्याला वाटते, या तिन्ही गोष्टी त्याच्या मनात असतात.

मराठवाड्यातल्या एखाद्या गावात प्रगणक दाराशी उभा राहून जात विचारतो, असे समजू. एकाच भावकीतल्या चार घरांतून त्याला ‘मराठा’, ‘कुणबी’, ‘कुणबी-मराठा’ आणि ‘शहाण्णव कुळी’ अशी चार उत्तरे मिळू शकतात. एखादे आजोबा ‘आम्ही पाटील’ एवढेच सांगतील. वास्तविक पाटीलकी हे वतन होते आणि पाटील अनेक जातींत आहेत. एखादा शिकलेला मुलगा ‘आम्ही जात मानत नाही, लिहू नका’ म्हणेल. यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. वडिलांनी जातीच्या दाखल्यात काय लिहिले, निजामकालीन कागदात पणजोबांची नोंद काय आहे, आरक्षणाच्या आंदोलनात गावाने काय भूमिका घेतली, यांवर उत्तर ठरते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यावरून एका शब्दाच्या नोंदीला आज किती वजन आले आहे ते कळते. आणि हाच ‘कुणबी’ गोव्यात अनुसूचित जमातीत मोडतो, तर महाराष्ट्रात इतर मागासवर्गात.

अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत प्रगणकाला नेमकी सूचना असते. त्याच्याकडे त्या राज्याची अधिकृत यादी असते. कोणी ‘हरिजन’ किंवा नुसते ‘आदिवासी’ असे सांगितले तर तेवढ्यावर न थांबता त्याने यादीतले नेमके नाव विचारून घ्यायचे असते. या पद्धतीमुळे गणती बरीच नेटकी होते, पण यादीच्या सगळ्या मर्यादाही तिला चिकटतात. यादी राज्यागणिक वेगळी आहे. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. उसाच्या हंगामात किंवा बांधकामावर सीमा ओलांडून आलेले कुटुंब गणनेच्या वेळी ज्या राज्यात सापडेल, त्या राज्याची यादी त्याला लागू होते. त्यामुळे तांड्यावरचे नातेवाईक एका रकान्यात आणि हे कुटुंब दुसऱ्याच रकान्यात जाऊ शकते.

यादीतल्या एका जोडशब्दाची किंमत किती मोठी असू शकते, हे नागपूरकरांना सांगावे लागत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. गोवारी समाजाचे म्हणणे होते की तो समाज म्हणजे आम्हीच. ही मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. पुढे राज्याने गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जनगणनेच्या तक्त्यात यांतले काहीच दिसत नाही. तिथे फक्त एका नावापुढे एक संख्या असते.

इंग्रजांनी घातलेला पाया

भारतात पहिली देशव्यापी शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हापासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी जात विचारली गेली. १९०१ मध्ये जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला आणि त्याचे परिणाम दूरवर गेले. सरकारी पुस्तकात आपला क्रम कुठे लागतो याची चिंता समाजांना वाटू लागली, जातीय सभा स्थापन झाल्या आणि नाव बदलून द्या, वरचा वर्ण द्या, असे अर्ज सुरू झाले. १९११ च्या जनगणनेच्या वेळी एकट्या बंगालमधून आलेल्या अशा अर्जांचे वजन दीड मण भरले होते. मोजणाऱ्याने उतरंड लावली आणि मोजले जाणारे त्या उतरंडीत जागा मिळवण्यासाठी संघटित झाले. जनगणनेने जात निर्माण केली, असे कोणी म्हणते तेव्हा ते मला पटत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला जात कळायला इंग्रजांच्या तक्त्याची गरज नव्हती. परंतु ठिकठिकाणी सैल आणि स्थानिक असलेल्या ओळखींना प्रांतभर एकच नाव आणि एकच संख्या मिळाली, ती या तक्त्यांमुळे, हे मान्य करावे लागते.

१९४१ मध्ये महायुद्धामुळे जातींचे तक्ते प्रसिद्ध झाले नाहीत. स्वातंत्र्यानंतर, १९५१ पासून, अनुसूचित जाती आणि जमाती वगळता जात मोजणे बंद झाले. परिणामी इतर मागासवर्गांची संख्या सांगायची वेळ आली की प्रत्येकाला १९३१ कडे परत जावे लागले. बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८० मध्ये दिलेला ५२ टक्क्यांचा आकडा मोजून आलेला नाही. एकूण लोकसंख्येतून अनुसूचित जाती-जमाती, हिंदूंव्यतिरिक्त इतर धर्मीय आणि पुढारलेल्या हिंदू जाती वजा केल्या, पुढारलेल्या जातींचे प्रमाण १९३१ वरून घेतले, उरलेल्यांत बिगरहिंदू मागासांचा अंदाज मिळवला आणि ५२ ही बेरीज आली. जो देश दर दहा वर्षांनी घराचे छप्पर कौलारू आहे की पत्र्याचे हे मोजतो, त्याने अर्ध्या लोकसंख्येविषयीचे धोरण अशा वजाबाकीवर चालवावे, हे योग्य नव्हते.

चार लाख अठ्ठावीस हजार जाती

२०११ मध्ये ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. त्याला सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणना असे नाव होते, पण ती जनगणना कायद्याखाली झालेली नव्हती. आर्थिक माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जातींची माहिती आजतागायत झालेली नाही. कारण काय, ते २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातून कळले. ती माहिती मागण्यासाठी न्यायालयात गेलेले राज्य महाराष्ट्रच होते, त्यामुळे उदाहरणही महाराष्ट्राचे दिले गेले.

१९३१ मध्ये देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या या मोजणीत ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून अधिकृत नोंदी ४९४ होत्या. मोजणीत आलेली नावे ४ लाख २८ हजार ६७७. यांपैकी ९९ टक्के नावांखाली शंभरापेक्षा कमी माणसे होती. १०.३ कोटी लोकांपैकी सुमारे १.१७ कोटी लोकांची नोंद ‘जात नाही’ अशी झाली होती.

हे कसे घडले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. प्रगणकासमोर जातींची कोडसहित यादी नव्हती. उत्तर ऐकायचे आणि जसेच्या तसे टंकित करायचे, एवढेच काम होते. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी गोत्र, कोणी कूळ, कोणी आडनाव, कोणी व्यवसाय. ऐकणाऱ्याने रोमन लिपीत ते आपापल्या परीने लिहिले. ‘पवार’ आणि ‘पोवार’ यांतला गोंधळ तर त्या प्रतिज्ञापत्रातच उदाहरण म्हणून आला होता. पूर्व विदर्भातल्या पोवार समाजाला विचारा, ते सांगतील की पोवार ही त्यांची जात आहे आणि पवार हे आडनाव कितीतरी जातींत आहे. दोन्ही एकच समजून जोडले तर चूक आणि दोन्ही वेगळे समजून ठेवले तर लेखनातल्या फरकाला जात मानण्याची चूक. कोणता पवार कोणता, हे दिल्लीतल्या संगणकासमोर बसून ठरवता येत नाही. ते दारातच विचारून घ्यावे लागते.

तरीही तो सगळा खटाटोप वाया गेला असे मानायला मी तयार नाही. त्याच प्रतिज्ञापत्रानुसार महाराष्ट्रातील ८.८२ कोटी लोक २,४४० नावांखाली आलेले होते. बाकीच्या चार लाखांवर नावांत मिळून तीस-एकतीस लाख माणसे होती. एवढी माहिती साफ करणे कष्टाचे होते, पण अशक्य होते असे आकड्यांवरून दिसत नाही.

मोजणी उपलब्ध नसली की माणसे आडमार्गाने अंदाज बांधतात. स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सखोल माहितीची अट घातली, तेव्हा राज्याने जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बांठिया हे स्वतः देशाचे माजी जनगणना आयुक्त. आयोगाने २०२२ मध्ये राज्यातील इतर मागासवर्गाचे प्रमाण ३७ टक्के सांगितले आणि त्यासाठी मतदार यादीतल्या आडनावांचा आधार घेतल्यावरून मोठी टीका झाली. ती टीका रास्त होती. जाधव, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावे घेऊन कोणी महाराष्ट्रभर फिरले तर त्याला मराठा, बौद्ध, माळी, धनगर, भटके अशा नाना समाजांची घरे लागतील. आडनावावरून जात ओळखू पाहणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि ती जितकी सामाजिक दृष्ट्या वाईट, तितकीच संख्याशास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

मग लाखो वेगवेगळी उत्तरे हाताळायची कशी? त्याचा नमुना आपल्याच जनगणनेत, भाषेच्या रकान्यात आहे. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची १९,५६९ वेगवेगळी नावे जमा झाली. भाषातज्ज्ञांनी लेखनभेद, गावांची नावे आणि पर्यायी नावे तपासून त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित केल्या आणि त्यांची १२१ भाषांत गटवारी केली. दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा त्यांत धरल्या नाहीत. हे काम दशकानुदशके चालत आले आहे आणि त्याचे तक्ते प्रसिद्ध होतात, म्हणून त्यावर वादही घालता येतो. अहिराणी या गटवारीत मराठीखाली येत नाही, ती खानदेशी या स्वतंत्र भाषेखाली मोजली जाते. मालवणी मराठीखाली नव्हे तर कोकणीखाली येते. भोजपुरी मात्र हिंदीखाली जाते. सिंधुदुर्गातल्या किंवा धुळ्यातल्या माणसाला हे पटेल किंवा पटणार नाही, परंतु कोणते नाव कुठे घातले हे छापलेले असल्यामुळे त्याला ते निदान तपासता येते. जातीच्या आकड्यांबाबत माझी मुख्य अपेक्षा हीच आहे.

बिहारने २०२३ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तिथल्या सर्वेक्षणात दोनशेहून अधिक जातींची यादी आधीच ठरवून प्रत्येकीला क्रमांक दिला होता आणि प्रगणकाने त्यातूनच निवड करायची होती. त्यामुळे आकडे लवकर आले आणि नेटके आले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी ते जाहीर झाले: अतिमागास ३६.०१ टक्के, मागास २७.१२ टक्के, अनुसूचित जाती १९.६५ टक्के, अनुसूचित जमाती १.६८ टक्के, खुला प्रवर्ग १५.५२ टक्के. पण बंद यादीचा दोष तिथेही दिसला. तृतीयपंथी व्यक्तींना जातींच्या यादीतच एक क्रमांक दिला गेला होता, जणू ती एक जात आहे, आणि त्या समाजाला त्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

इतर देशांचा अनुभव

हा पेच आपल्यापुरता नाही. ब्राझीलमध्ये १९७६ च्या एका सरकारी पाहणीत लोकांना त्यांच्या कातडीचा रंग त्यांच्याच शब्दांत विचारला, तेव्हा शंभराहून अधिक वेगवेगळी उत्तरे आली. जनगणनेत मात्र पाचच पर्याय असतात. कॅनडात तर उदाहरणादाखल छापलेल्या एका शब्दाने देशाचे चित्र बदलले. १९९१ मध्ये आपले मूळ ‘कॅनेडियन’ असे सांगणारे सुमारे चार टक्के होते. १९९६ च्या प्रपत्रात तो शब्द नमुन्याच्या उत्तरांत छापला गेला आणि प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले. म्यानमारमध्ये २०१४ साली रोहिंग्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने नोंदवू दिले नाही आणि राखाइन प्रांतातली दहा लाखांहून अधिक माणसे मोजणीबाहेर राहिली. फ्रान्स वंश विचारतच नाही. भेदभाव किती होतो हे मग तिथे सिद्ध करणेही अवघड जाते.

अमेरिकेचा अनुभव तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसांना जवळचा वाटेल. १९६० च्या आधी तिथे प्रगणकच माणसाकडे पाहून वंश ठरवत असे. १९३० आणि १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश म्हणून छापलेला होता आणि भारतातून गेलेल्या शिखांची नोंदही त्यातच होत असे. १९७० मध्ये भारतीय वंशाच्या लोकांना ‘गोरे’ या गटात घातले गेले. पुढे भारतीयांच्याच संघटनांनी मागणी लावून धरल्यावर १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र पर्याय आला. एखादा माणूस चाळीस-पन्नास वर्षे त्याच घरात राहिला असता तरी सरकारी कागदावर त्याचा वंश तीनदा बदलला असता.

२०२७ मध्ये काय पाहायचे

केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी जातगणनेचा निर्णय घेतला आणि १६ जून २०२५ ला जनगणनेची अधिसूचना निघाली. बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरला आहे. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडातील बर्फाळ भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. मोजणी भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे होणार असून ज्यांना हवे त्यांना स्वतःची माहिती स्वतः भरता येणार आहे. जनगणना कायद्याखाली जात मोजली जाणार असल्याने २०११ पेक्षा पाया भक्कम आहे.

या कायद्यातल्या दोन तरतुदी प्रत्येक कुटुंबाला माहीत असाव्यात. आठव्या कलमानुसार विचारलेल्या प्रश्नाचे आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे बंधनकारक आहे. पंधराव्या कलमानुसार एखाद्या व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. म्हणजे जनगणनेत काही सांगितले म्हणून जातीचा दाखला मिळत नाही, आणि तिथे सांगितलेल्या गोष्टीमुळे मिळालेला दाखला जातही नाही. दाखल्याला पुरावे लागतात आणि महाराष्ट्रात त्यानंतर पडताळणी समितीही असते. जनगणनेत सांगणाऱ्याचा शब्द घेतला जातो. या दोन व्यवहारांची गल्लत झाली की गावात अमुकच सांगा, तमुक सांगू नका, अशी मोहीम सुरू होते आणि मोजणी बिघडते.

भटक्या-विमुक्तांची काळजी मला सर्वांत अधिक वाटते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये ज्यांची त्यातून सुटका झाली, त्यांची देशपातळीवरची संख्या आजही अंदाजानेच सांगितली जाते, कारण त्यांना कुठे अनुसूचित जातींत, कुठे जमातींत, कुठे मागासवर्गात वाटून टाकले आहे आणि बरेच जण कोणत्याच यादीत नाहीत. पालावर राहणाऱ्या कुटुंबाला घरक्रमांक नसतो, म्हणून घरयादीत ते सुटते. बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकायची असते आणि त्या रात्री पाल कुठे असेल हे प्रगणकाला ठाऊक नसते. पारधी, वैदू, डवरी गोसावी, मसणजोगी यांच्या वस्त्या कुठे पडतात हे त्या-त्या तालुक्यातले कार्यकर्ते जाणतात. त्यांना प्रगणकांच्या सोबत न घेता ही मोजणी केली, तर बाकी सर्वांचे आकडे अचूक येतील आणि ज्यांच्यासाठी मोजणीची गरज सर्वांत मोठी तेच पुन्हा गळतील.

जातींची यादी कशी करणार हा उरलेला प्रश्न सर्वांत कळीचा आहे. नुसती मोकळी जागा ठेवली तर २०११ ची पुनरावृत्ती होईल; नुसती बंद यादी दिली तर यादीबाहेरचा माणूस पुसला जाईल. जिल्हावार यादी ॲपमध्ये असावी, प्रत्येक जातीची स्थानिक आणि पर्यायी नावे तिच्यासोबत असावीत, देवनागरीत लिहिण्याची सोय असावी आणि यादीत न बसणारे उत्तर जसेच्या तसे नोंदवण्यासाठी जागा असावी. पोटजात सांगितली तर जातही विचारून दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत घ्यावीत. ‘जात नाही’ हे उत्तरही क्रमांक देऊन मोजावे, म्हणजे ते प्रगणकाने कंटाळून लिहिले की सांगणाऱ्याने ठामपणे सांगितले, हा संशय उरणार नाही. यादीचा मसुदा गणनेच्या आधी जिल्ह्याजिल्ह्यांत हरकतींसाठी खुला व्हावा. गणनेनंतर कोणती नावे कोणत्या नावाखाली आणि कोणत्या आधारावर जोडली, त्याचा संपूर्ण तक्ता टक्केवारीच्या सोबतच, त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावा. पोवार पवारांत गेले की नाही, गोवारी कुठे मोजले गेले, बंजारा किती राज्यांत किती रकान्यांत विभागले गेले, हे त्या तक्त्यावरूनच लोकांना तपासता येईल.